कंपाउंडच्या भिंतीलगत

फेब्रुवारीत चाकण-खेडच्या पट्ट्यात कांद्याचे बियाणे धरलेली शेते फुलतात. थंडीच्या सुरुवातीला लावलेल्या गोट कांद्यांना उंच, पोकळ डेंगळे येतात आणि प्रत्येकाच्या टोकाला शेकडो बारीक पांढऱ्या फुलांचा गोंडा. पलीकडे कारखान्याचे पत्र्याचे शेड, अलीकडे हा पांढरा चौकोन. किडे पाहायची आवड असलेल्या माणसाने इथल्या वसंताची सुरुवात या बांधावरून करावी. त्यासाठी भीमाशंकरच्या जंगलापर्यंत जायची गरज नाही.

कांद्याच्या फुलात पराग आधी मोकळे होतात आणि त्याच फुलाची कुक्षी मागाहून तयार होते. म्हणजे फुलाला स्वतःच्या परागाचा उपयोग नाही. दुसऱ्या फुलाचा पराग कुणीतरी आणून द्यावा लागतो. ते काम मधमाश्या आणि माश्या करतात. गोंड्याशी शांत बसले की त्यांच्यातला फरक हळूहळू कळू लागतो. फुलोरी माशी लहान, तांबूस आणि सबुरीची, एकाच गोंड्यावर बराच वेळ रेंगाळणारी. आग्या मोठी आणि घाईची. सातेरी या दोघींच्या मधली. मधूनच काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची सिरफिड माशी येते, हवेत एका जागी स्थिर राहते आणि नवख्याला मधमाशीच वाटते. तिला पंखांची एकच जोडी असते, मधमाशीला दोन. डोळेही डोक्याचा बहुतेक भाग व्यापणारे. एवढे दोन फरक ध्यानात राहिले की पुढे फसगत होत नाही.

याच पिकावर फुलकिडे पडतात आणि ते शेतकऱ्याची खरी डोकेदुखी असतात. पाने चंदेरी, चट्टेदार झाली की फवारणी होतेच. पण फूल उघडलेले असताना भर सकाळी फवारले तर औषध आधी मधमाश्यांनाच लागते. म्हणून फवारणी टाळता येत नसेल तर संध्याकाळी, माश्या परतल्यावर करायची. राजगुरुनगरला कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे आणि पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. कांद्यावर आणि मधमाशीवर अभ्यास करणाऱ्या देशपातळीवरच्या दोन संस्था या पट्ट्याच्या दोन्ही अंगांना असाव्यात, ही इथल्या शेतकऱ्याची आणि निरीक्षकाचीही मोठी सोय आहे.

वसंत म्हटले की किड्यांचा हंगाम सुरू होतो, हा समज थंड देशांतल्या पुस्तकांतून आलेला आहे. तिकडे बर्फ वितळते आणि किडे बाहेर येतात. दख्खनच्या पठारावर किड्यांचे वर्ष पावसाबरोबर सुरू होते. काजवे, हुमणीचे भुंगेरे, पंख फुटलेल्या वाळव्या, पैसा किडे हे सगळे वळवाच्या सरींपासून पुढे. माघ-फाल्गुनात गवत वाळलेले असते, ओढे आटत आलेले असतात. त्यामुळे इथे या दिवसांत किडे शोधायचे म्हणजे आधी फुललेले झाड शोधायचे, नाही तर पाणी. आणि तिसरी एक जात असते: जे किडे काहीच न करता पावसाची वाट पाहत बसलेले असतात.

ही तिसरी मंडळी ओळखणे सर्वात अवघड, आणि या छंदातले खरे शिक्षणही तिथेच होते. कॉमन ईव्हनिंग ब्राऊन हे फुलपाखरू पावसाळ्यात पंखांच्या खालच्या बाजूला ठळक डोळे मिरवते. कोरड्या हंगामात जन्मलेल्या पिढीत ते डोळे जवळजवळ नाहीसे होतात, पंखांच्या कडा अधिक टोकदार होतात आणि मिटलेले फुलपाखरू हुबेहूब वाळक्या पानासारखे दिसते. अळी वाढत असतानाच्या तापमानाचा या बदलात मोठा वाटा असतो. पीकॉक पॅन्सीचेही तसेच. कोरड्या दिवसांत सक्रिय राहण्यापेक्षा दडून राहणे फायद्याचे, म्हणून हा वेश. घोरावडेश्वरच्या किंवा भामचंद्राच्या डोंगरपायथ्याशी पाचोळ्यातून चालताना पाऊल जपून टाकावे. एखादे पान उडाले की ते कुठे उतरले तेवढेच पाहायचे, मागे धावायचे नाही. उतरल्यावर ते पुन्हा पान होते, आणि आता मात्र पाहणाऱ्याला ते कुठे आहे हे ठाऊक असते.

पुणे परिसरातल्या टेकड्यांवर लावलेले गिरिपुष्प या सुमारास पाने गाळून गुलाबी फुलांनी भरते. झाड परदेशी, पण त्यावर निळसर काळे सुतार भुंगे दिवसभर घुमत असतात. काटेसावरीखाली पडलेल्या फुलांपाशी आणि पुढे तिच्या बोंडांपाशी लाल-काळे ढेकूण जमतात. आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे असले तर झाडाखाली उभे राहून फांदीला हात लावावा. ते एकदम उडतात आणि पानांवर आपटण्याचा बारीक टिकटिकाट ऐकू येतो.

आता पाण्याकडे. पवना रावेतवरून चिंचवडला मोरया गोसावींच्या मंदिराजवळून पुढे पिंपरी, कासारवाडी, दापोडीकडे जाते. इंद्रायणी देहू, तळवडे, चिखली, मोशी करत आळंदीला. दोन्ही नद्यांत उन्हाळ्याच्या तोंडावर जलपर्णी पसरते. तिच्या पानांमधल्या संथ, सांडपाण्याने जड झालेल्या पाण्यात क्युलेक्स डासांच्या अळ्या वाढतात. याच काळात काठावरच्या सोसायट्यांमधून डासांच्या तक्रारी वाढतात आणि महापालिकेची जलपर्णी काढण्याची कामे सुरू होतात.

२०२४ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या केशवनगर-खराडी भागात मुळा-मुठेवर उंच उठलेल्या किड्यांच्या वावटळीचे व्हिडिओ सगळीकडे फिरले. बातम्यांनी त्याला डासांचे वादळ म्हटले. असे थवे डासांचे नर करतात, तसेच मिज नावाच्या, डासासारख्याच दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माशीचे नरही करतात. लांबून घेतलेल्या चित्रणावरून त्यांतला फरक सांगता येत नाही. त्यासाठी एक तरी किडा भिंतीवर बसलेला जवळून पाहावा लागतो. डासाला लांब सोंड असते आणि बसताना तो बहुधा मागचे पाय उचलून धरतो. मिजला तशी सोंड नसते आणि ती पुढचे पाय उचलते. नदीकाठी राहणाऱ्या प्रत्येक घराला एवढी ओळख असायला हवी, कारण एकाशी रोगाचा संबंध आहे आणि दुसरीशी नाही. मिजच्या काही जातींच्या अळ्या लाल असतात. त्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन असते, म्हणून प्राणवायू कमी असलेल्या गाळातही त्या तगतात. त्या फार वाढल्या आणि बाकीचे जलकीटक दिसेनासे झाले, तर नदीची तब्येत प्रयोगशाळेत न जाताही कळते.

चतुरांचेही असेच आहे. पवनेच्या काठी गवताच्या काडीवर नारिंगी पंखांचा एक छोटा चतुर जवळजवळ हटकून भेटतो: डिच ज्युएल. घाण पाणी सहन करणाऱ्यांत तो पुढे आहे. तो दिसला याचा आनंद मानावा, पण त्याच्याशिवाय दुसरा चतुर आणि एकही टाचणी (चतुराचे नाजूक भावंड) दिसली नाही, हेही वहीत लिहावे. काय दिसले नाही हे लिहायची सवय फार थोड्यांना असते. ती लावून घ्यायला हवी.

कारखान्यांच्या आवारांकडे निसर्गप्रेमी सहसा पाठ फिरवतात. ते चुकीचे आहे. पिंपरीत टेल्को कंपनीच्या आवारात तिचे तेव्हाचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी झाडे लावली, तळे केले. त्या हिरवाईचे नाव आजही निघते. लहान कंपन्यांनीही कंपाउंडच्या भिंतीलगत उंच, सरळ वाढणारा खोटा अशोक रांगेने लावला. फाल्गुनाच्या सुमारास त्याला तांबूस, तकतकीत पालवी येऊ लागते, आणि टेल्ड जे या हिरव्या ठिपक्यांच्या फुलपाखराची मादी अंडी घालायला अशीच कोवळी पाने शोधते. फुलावर मध पितानाही याचे पंख थरथरत राहतात, त्यामुळे फोटो काढणारे हैराण होतात. त्यापेक्षा अळी पाहावी, ती जागची हलत नाही. शेजारच्या आंब्यावर बांडगूळ असेल तर हळदीकुंकू फुलपाखराच्या अळ्या तिथे घोळक्याने सापडतील. रात्रपाळीच्या दिव्याखालची गेटची भिंत सकाळी झाडू फिरण्याआधी बघितली, तर पतंगांची चांगली भेट होते. त्यासाठी वॉचमनकाकांशी ओळख हवी. ती झाली की रात्री काय काय आले होते हे तेच सांगू लागतात.

चाकणच्या रिकाम्या प्लॉटच्या काटेरी तारांवर आणि बोरी-बाभळींवर करड्या रंगाची, वाळकी पाने अडकलेली जाळ्यांची गाठोडी दिसतात. कचरा समजून लोक पुढे जातात. ती स्टेगोडायफस या सामाजिक कोळ्याची वसाहत असते. कोळी म्हणजे एकलकोंडा प्राणी. जगातल्या पन्नास हजारांच्या आसपास जातींपैकी मोजक्याच अशा एकत्र राहतात. शेकडो मिळून एक घरटे बांधतात, त्याभोवती जाळे पसरतात आणि आपल्यापेक्षा कितीतरी मोठा नाकतोडा मिळून ओढतात. पानगळ झाल्यामुळे ही घरटी याच दिवसांत उठून दिसतात. प्लॉटवर जेसीबी येण्याआधी त्यांची नोंद व्हायला हवी असे मनापासून वाटते, कारण बांधकाम झाल्यावर तिथे काय होते हे सांगणारा दुसरा पुरावा उरणार नाही.

आणि नोंद म्हणजे नुसता फोटो नव्हे. तारीख, वेळ, नेमकी जागा, किडा कोणत्या झाडावर होता, काय करत होता. चार्ल्स स्विनहो या लष्करी अधिकाऱ्याने मुंबई आणि दख्खनच्या फुलपाखरा-पतंगांवर १८८५ मध्ये लिहिलेला निबंध आजही उपयोगी पडतो, तो अशा तपशिलामुळे. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम प्रादेशिक केंद्र तर आकुर्डीतच आहे; प्राण्यांचे जपलेले नमुने आणि ते अभ्यासणारी माणसे या उद्योगनगरीच्या मधोमध आहेत. दुर्मीळ जातींचा शोध तज्ज्ञ घेतीलच. तळवड्याच्या नाल्यावर कोणता चतुर कधी दिसला, महाळुंग्याच्या बांधावर फुलोरी अजून येते का, हे रोज तिथून जाणाऱ्यालाच सांगता येईल. आयनॅचरलिस्टसारख्या नोंदींच्या संकेतस्थळावर ते मोबाईलवरून दोन मिनिटांत टाकता येते, आणि नाव माहीत नसले तरी चालते. तारीख आणि जागा मात्र खरी हवी.

पाडव्याच्या आसपास एमआयडीसीच्या रस्त्यांवरच्या करंजांना पोपटी पालवी फुटलेली असते. कॉमन बँडेड ऑल या तपकिरी फुलपाखराच्या अळ्या ती पालवी खातात. कधी कधी झाडाची कोवळी पाने पार फस्त करतात, आणि झाड पुन्हा फुटते. दोन पाने रेशमाने एकमेकांना चिकटलेली दिसली की अळी आतच असते. पान अलगद उघडून पाहावे, परत मिटवावे, आणि वहीत झाडाजवळच्या विजेच्या खांबाचा नंबर लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या वर्षी तेच झाड सापडेल.