खोक्यातला वीर

कोणी जुनी नाणी जमवितो, कोणी पोस्टाची तिकिटे. कोणी शंखशिंपल्यांसाठी पहाटेच्या ओहोटीला डहाणूचा किनारा तुडवितो. अशा छंदांचे लोकांना नवल वाटत नाही. परंतु साठी उलटलेला गृहस्थ खेळण्यातले यंत्रमानव, अवकाशवीर आणि त्यांचे प्लॅस्टिकचे किल्ले जमवू लागला, की शेजारीपाजारी एकमेकांकडे पाहून हसतात. डहाणूच्या एका वृद्ध घड्याळजींना हे हसू चांगले परिचयाचे आहे. स्टेशनाजवळच्या त्यांच्या लहानशा दुकानात घड्याळे थोडी आणि ही मंडळीच फार!

या मंडळींनाही घराणे आहे, इतिहास आहे. यंत्रमानवाला ‘रोबो’ हे नाव मिळाले ते कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या एका नाटकातून. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये पत्र्याचे रोबो तयार होऊ लागले. किल्ली दिली की ते डुलत डुलत चालत. १९६४ साली अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने बारा इंच उंचीचा, हातपाय हवे तसे वळविता येणारा ‘जी. आय. जो’ हा सैनिक बाजारात आणला. त्याला बाहुली म्हटले तर मुलगे हात लावणार नाहीत, या धास्तीने ‘ॲक्शन फिगर’ हे भारदस्त नाव योजण्यात आले. बाहुलीच ती, पण नाव बदलताच मुलग्यांची लाज पळाली!

पुढे १९७७ साली ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट आला आणि त्यातील वीरांसाठी मुले हटून बसली. केनर या खेळणी बनविणाऱ्या कंपनीजवळ नाताळात विकायला वीरच तयार नव्हते. तेव्हा तिने काय विकावे? रिकामे पाकीट! आत एक प्रमाणपत्र; ते टपालाने पाठविले, की पुढच्या वर्षी चार वीर घरपोच मिळत. ते आले पावणेचार इंचांचे, मुठीत मावणारे. मग त्यांना राहायला जागा हवी, म्हणून अवकाशस्थानकेही निघाली. एका स्थानकात कचरा दाबण्याची खोली होती आणि तिच्यात घालण्यासाठी स्पंजाचे रंगीत तुकडे दिलेले असत. मुलांनी ते हरवले, काहींचा काळाने भुगा केला. आज जगभरचे संग्राहक हा ‘कचरा’ डोळ्यांत तेल घालून शोधतात आणि सापडला तर त्याला चांगले पैसे मोजतात.

घड्याळजींचा खरा जीव मात्र गोव्यात जन्मलेल्या वीरांवर आहे. १९८७ साली स्थापन झालेल्या फनस्कूल कंपनीने आपल्या गोव्यातील कारखान्यात ‘जी. आय. जो’चे लहान वीर तयार केले. साचे अमेरिकेतले, हात इथले. रंगांची निवड कधीकधी अशी काही निराळी होई, की मूळ हिरवा वीर इकडे भलत्याच रंगात अवतरे. ज्या रंगांना त्या काळी कोणी नाके मुरडली असतील, त्यांच्याचसाठी आज परदेशांतील संग्राहक या वीरांची वाट पाहतात.

या वीरांची रचना मोठी गमतीची आहे. छाती आणि पाठ ही दोन कवचे एका स्क्रूने जोडलेली असतात. पायांच्या जोडावर एक आकडा असतो, आणि छातीतला खुंट व हा आकडा यांना एक लहानसे रबरी कडे ताणून धरते. त्या कड्यामुळे वीर कमरेत वळतो, बसतो, उभा राहतो. परंतु रबर चिरंजीव नाही. हवेतला प्राणवायू आणि ओझोन त्याचे लांब रेणू तोडीत राहतात. उष्णता त्यांना साहाय्य करते. पंचवीस-तीस वर्षांनी कडे तुटते आणि शूर वीराचे दोन तुकडे होतात.

तलासरीच्या आठवडे बाजारात जुन्या सामानाच्या ढिगापुढे घड्याळजी नेहमी उकिडवे बसलेले दिसत. मुंबई-अहमदाबाद महामार्ग तलासरीतून जातो, आणि शहरांनी टाकलेले पुष्कळ काही त्या वाटेने येते. तेथे भंगार विकणाऱ्याच्या मुलाने एकदा दोन तुकडे त्यांच्यापुढे धरले. “आजोबा, याचं पोट तुटलंय. पण पाय सापडलेत.”

“पोट शाबूत आहे, बाळ. आतलं रबर गेलंय,” घड्याळजी म्हणाले.

मुलगा हुशार होता. त्याची आई डहाणूच्या फुग्यांच्या कारखान्यात कामाला जाई. तेथे साचे रबराच्या चिकात बुडवितात आणि साच्यावर बसलेल्या पातळ थराची तोंडाशी गुंडाळी करतात. तीच फुग्याची कडा. पुढच्या रविवारी मुलगा आईबरोबर दुकानात आला, तो फुग्याची ती कडा कापून घेऊनच. युक्ती नामी होती. वीर चार दिवस ताठ उभा राहिला, पाचव्या दिवशी कमरेत वाकला. शेवटी नळदुरुस्तीच्या दुकानातले काळे कडे बरोबर बसले. तेव्हापासून दर रविवारी मुलगा दुकानात येऊ लागला.

भिंतीवर एक वीर पुठ्ठ्यावरच्या पारदर्शक कवचात, कधीच न उघडलेला, टांगलेला होता. मुंबईच्या एका संग्राहकाने त्याला मोठी किंमत देऊ केली होती. अट एकच : वेष्टन जसेच्या तसे हवे. त्या पैशांत दुकानाचे गळके छप्पर शाकारून झाले असते. मुलगा त्या वीराकडे बराच वेळ पाहत राहिला आणि त्याने विचारले, “आजोबा, याचं रबर कसं असेल?”

घड्याळजींनी पाकीट खाली काढले, हळूच हलविले. आतला वीर कमरेपासून सैल लोंबत होता.

त्यांनी त्याच संध्याकाळी संग्राहकाला दूरध्वनी केला. आतले कडे गेले आहे, हे सांगितल्यावाचून विकणे त्यांना पटेना. पलीकडून उत्तर आले, “काळजी करू नका. मला तो बाहेर काढायचाच नाही.”

या उत्तरात दोष काढणे सोपे नाही. मूळ वेष्टन कसे होते, त्यावर कोणते चित्र होते, हे पुढच्यांना कळावे म्हणून काही पाकिटे बंद राहिलीच पाहिजेत. उघडलेल्या पाकिटाची किंमत झरकन उतरते, ती काही उगाच नाही. घड्याळजींना हे सारे ठाऊक होते. छप्परही ठाऊक होते. आठवडाभर पाकीट टेबलावर पडून राहिले.

रविवारी मुलगा आला तेव्हा बाहेर पाऊस लागला होता. घड्याळजींनी पाते घेतले आणि पुठ्ठा फाटू न देता कवचाची एक कड हलकेच चिरली. वीर बाहेर आला. स्क्रू काढताच कड्याचे काळे, चिकट तुकडे टेबलावर सांडले. त्यांनी चिमटा आणि नवे कडे मुलाच्या हाती दिले.

“तूच बसव.”

दोन वेळा कडे निसटले. तिसऱ्या वेळी आकड्यात अडकले. मुलाने स्क्रू पिळला, वीराला उभे केले, एक पाय पुढे टाकायला लावला, आणि मग त्याला दुरुस्तीसाठी आलेल्या एका गजराच्या घड्याळावर ऐटीत बसविले. छपरातून थेंब पडत होते. घड्याळजींनी पायाने बादली जराशी डावीकडे सरकविली.