एक गोळी, दोन देह

आमच्या सीमाभागात एकाच गल्लीत दोन भाषा नांदतात. भाजीवाली कन्नडमध्ये भाव सांगते, गिऱ्हाईक मराठीत घासाघीस करते आणि व्यवहार बिनचूक होतो. औषधाचे मात्र असे होत नाही. एकच गोळी दोघांनी घेतली, तर दोन देह तिचे दोन निराळे अर्थ लावू शकतात. रसायनशास्त्र शिकवण्यात माझी उभी हयात गेली. पण हा धडा मला पुस्तकाच्या आधी घरातच मिळाला.

१९७४ साली माझ्या थोरल्या भावाला, दादाला, क्षय झाला. तेव्हा या रोगाचे नाव घरात मोठ्याने घेत नसत. ताईचे लग्न ठरायचे होते, म्हणून आईने शेजारीपाजारी टायफॉईड झाल्याचे सांगितले. इंजेक्शने आणि आयसोनायझिडच्या गोळ्या सुरू झाल्या. दवाखान्यात त्याच वारी गोकाककडचे एक अज्जा येत. दादाची आणि त्यांची गट्टी जमली. बोलणे अर्धे कन्नडमध्ये, अर्धे मराठीत. औषध मात्र एकच. तीन महिन्यांत दोघांचाही खोकला उतरला. पण दादाच्या तळपायांना आधी मुंग्या आणि मग आग सुरू झाली. रात्री तो ओल्या फरशीवर पाय टेकून बसून राही. अज्जा मात्र ठणठणीत होते.

आई म्हणाली, "एकाला गुण आणि दुसऱ्याला आग, हे कसलं औषध? उद्यापासून गोळ्या बंद!" क्षयाचे औषध अर्ध्यावर सोडले की रोग उलटतो आणि त्याच औषधाला दाद देईनासा होतो. हे आईला ठाऊक नव्हते, आणि मलाही तेव्हा नव्हते.

डॉक्टरांनी आईला समोर बसवले. म्हणाले, "आईसाहेब, औषध वाईट नाही. तुमच्या मुलाच्या अंगातून ते सावकाश निघत असावं. गोळी सोडायची नाही, जोडीला बी-सिक्स द्यायचं." त्यांनी कुठलीही तपासणी केली नाही, अनुभवावरून ताडले. काही आठवड्यांत दादा रात्रीची झोप घेऊ लागला आणि औषधाचा पूर्ण काळ त्याने पार पाडला.

डॉक्टरांच्या त्या एका वाक्यामागचे रसायन मला पुढे उलगडले. आयसोनायझिड यकृतात गेले की तिथले एक वितंचक त्याला ॲसिटाइल गट चिकटवते. मग त्याचा जोर संपतो आणि ते लघवीवाटे बाहेर पडते. हे काम काहींचे यकृत झपाट्याने करते, काहींचे संथपणे. झपाट्याने करणाऱ्यांच्या रक्तातले औषध साधारण दीड तासात निम्म्यावर येते. संथ गटात त्याला तीन तास किंवा अधिक लागतात. औषध रेंगाळले की ते शरीरातल्या बी-सिक्स जीवनसत्त्वाच्या कामात आड येते आणि नसा तक्रार करू लागतात. ही चाल जन्मजात असते. जपानात दहांत जेमतेम एक माणूस संथ निघतो, युरोपात साधारण निम्मे, आणि आपल्याकडे निम्म्याहून अधिक. यात भाषा किंवा जात यांचा काही संबंध नाही.

ही चाल ओळखायची कशी? मोजून गोळी द्यायची, ठरलेल्या तासांनी लघवी घ्यायची आणि तिच्यात मूळ औषध किती व त्याचे बदललेले रूप किती, याचे प्रमाण काढायचे. मद्रासला १९५६ साली सुरू झालेल्या क्षय संशोधन केंद्रात या प्रश्नावर मोलाचे काम झाले. रोज गोळी घेतली तर बरे होण्यात दोन्ही गटांत फारसा फरक पडत नाही. पण आठवड्यातून एकदाच औषध दिले, तर झपाट्याने संपवणारे मागे पडतात, हे तिथे दिसले. म्हणजे दादाला जे जाचले, त्याच्या उलटे अज्जांच्या वाट्याला येऊ शकले असते.

लघवी वाचण्याची ही विद्या तशी जुनीच. लघवीला मुंग्या लागतात हे पाहूनच आपल्या वैद्यांनी मधुमेह हे नाव ठेवले. १९०२ साली लंडनच्या आर्चिबाल्ड गॅरड यांनी हवेत काळी पडणाऱ्या लघवीचा अभ्यास केला आणि माणसामाणसाचे रसायनच वेगळे असते, असे मांडले. फरक एवढाच की तेव्हा एकेक पदार्थ शोधावा लागे. आता मास स्पेक्ट्रोमीटर रक्ताच्या थेंबातले शेकडो चयापचयी पदार्थ एका दमात मोजतो. त्यांतला जो पदार्थ रोगाची किंवा औषधाच्या परिणामाची खूण देतो, त्याला जैवसूचक म्हणतात.

मला सर्वांत नवल वाटले ते पॅरासिटामॉलचे. २००९ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी ९९ निरोगी पुरुषांची लघवी गोळी देण्याआधीच तपासली. आतड्यातले काही जंतू पॅरा-क्रेसॉल नावाचा पदार्थ तयार करतात. तो बाहेर टाकायला शरीर सल्फेट खर्च करते, आणि पॅरासिटामॉलची विल्हेवाट लावायलाही तेच सल्फेट लागते. ज्यांच्या लघवीत तो पदार्थ आधीच जास्त होता, त्यांचे शरीर गोळीसाठी दुसरी वाट अधिक वापरत होते. गोळी पोटात जाण्याआधीच तिची वाट कळली! आणि ती वाट ठरवण्यात वाडवडिलांच्या रक्ताइतकाच पोटातल्या जंतूंचाही हात होता.

अशा खुणा प्रयोगशाळेत पुष्कळ सापडतात. रुग्णाच्या खाटेपर्यंत फार थोड्या पोहोचतात. आहार, वय, इतर औषधे, नमुना किती वेळ उघडा राहिला, यांनीही आकडे हलतात. एका गावात खरी ठरलेली खूण दुसऱ्या गावात टिकली, तरच तिच्यावर उपचार ठरवावा.

तोवर आपल्या हातात एक साधी गोष्ट आहे. आमच्या घरी एक वही आहे. कुणाला कोणते औषध मानवले, कुणाला कशाने पुरळ उठले, कुणाचे पाय जळजळले, हे तिच्यात तारखेसह लिहिलेले असते. पहिली नोंद दादाच्या हातची आहे. नव्या डॉक्टरांकडे जाताना सुना आठवणीने ती वही पिशवीत घालतात.