यंदा किती जोड्या?

रंगीत मासे पाळणाऱ्या घराचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, दिवाळी सरली की सुरू होते. रात्री गार होऊ लागतात, हौदातले मासे खाणे कमी करतात आणि आमच्या घरात एकच विषय निघतो : यंदा किती जोड्या लावायच्या? शेतकरी पेरणीचा विचार करतो तसाच हा विचार. फरक इतकाच, की ज्वारीची विरळणी करताना कुणाचा हात अडखळत नाही.

आम्ही म्हणजे एक अख्खे घर. अब्बांच्या माघारी तीन भाऊ, घरातल्या बायका आणि अम्मी. मिरज तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या गावात आमच्या घरामागे सिमेंटचे हौद आहेत, पलीकडे मातीची दोन तळी आहेत. त्यांत आम्ही कोई वाढवतो. लोकांना वाटते हा फार परदेशी, नाजूक मासा असेल. तसे काही नाही. आपल्या बाजारात ‘सायप्रिनस’ म्हणून जो मासा मिळतो, त्या कार्पच्या कुळातलाच हा. जपानमधल्या निगाता भागातली डोंगराळ खेडी भातशेतीवर जगत आणि खाण्यासाठी कार्प पाळत. एकोणिसाव्या शतकात त्यांच्या तळ्यांत अधूनमधून लाल-पांढऱ्या डागांची पिल्ले निघू लागली. शेतकऱ्यांनी ती खाल्ली नाहीत, हौसेने बाजूला ठेवली. १९१४ साली टोकियोच्या प्रदर्शनात हे मासे मांडले गेले आणि खेड्यातली हौस जगभर गेली. पांढऱ्या अंगावर लाल डाग असतील तो कोहाकू. त्यात काळ्या रंगाची भर पडली की सांके किंवा शोवा.

ही निवड आजही थांबलेली नाही, थांबवताच येत नाही. कोईंना त्यांच्या मर्जीवर सोडले, तर काही पिढ्यांत रंग मावळतो आणि मूळचा मातकट कार्प परत येतो. ज्याला आपण अस्सल जात म्हणतो, ती अशी माणसाच्या हाताने दरवर्षी राखावी लागते. खुद्द माशाला तिचे काही नसते.

तर हंगामाचे नियोजन. त्याची सुरुवात आम्ही शेवटाकडून करतो. पावसाळ्यानंतर चार-पाच इंची मासा विकायला तयार हवा. त्यासाठी मे महिन्यात पाणी तापण्याआधी पिल्लू बोटाएवढे झालेले असावे. म्हणजे अंडी फेब्रुवारीत पडायला हवीत. म्हणून डिसेंबरातच नर आणि मादी वेगळ्या हौदांत करायच्या. एकत्र राहिले आणि अवकाळी सर आली, किंवा कुणी हौदाचे पाणी बदलले, तर मासे आपले नियोजन विचारत नाहीत. पारखायचे कसे? नराच्या गालफडांवर आणि पुढच्या परांवर बारीक खरखरीत दाणे येतात. मादीचे पोट भरते, हाताला मऊ लागते. तीन वर्षांच्या आतली मादी आम्ही लावत नाही.

दिवाळीनंतर बाहेरचा एकही मासा घरात घ्यायचा नाही, हा आमचा दुसरा नियम. १९९८ पासून जगाला माहीत झालेला कोई हर्पीस विषाणू धडधाकट दिसणाऱ्या माशाबरोबरही येतो आणि हौदच्या हौद रिकामे करतो. त्यावर औषध नाही. नवा मासा घ्यायचा तर आधी घ्यायचा आणि महिनाभर वेगळा ठेवायचा.

जानेवारीत मातीची तळी उपसून वाळवतो, चुना टाकतो. जोडी लावण्याच्या सुमारास त्यांत पाणी भरून शेण आणि शेंगदाण्याची पेंड घालतो. हा मेळ फार महत्त्वाचा. अंडी फुटायला दोन-तीन दिवस लागतात, पिल्लांच्या पोटाला चिकटलेली शिदोरी आणखी दोन-तीन दिवस पुरते. नेमक्या त्या वेळी तळ्यात बारीक जीवांची, डाफनियाची दाटी झालेली हवी. तळे लवकर भरले तर चतुराच्या अळ्या आधी तयार होतात आणि पिल्लांचा फडशा पाडतात. उशीर झाला तर पिल्ले उपाशी मरतात.

सकाळच्या पाण्याचे तापमान चार-पाच दिवस २० अंशांच्या खाली गेले नाही, की संध्याकाळी एक मादी आणि दोन नर हौदातल्या बारीक जाळीच्या हाप्यात सोडतो. सोबत काथ्याच्या धुतलेल्या दहा झुपक्या टांगतो. अंडी चिकट असतात, काथ्याला धरून राहतात. अंडी पडतात ती बहुधा पहाटे. चंद्राचे वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान दरवर्षी मागे सरकतो. मासे मात्र सूर्याचे ऐकतात. २०२५ साली पहिला रोजा २ मार्चला आला आणि हे दोन हिशेब एकमेकांच्या जवळ आले. ते आमच्या पथ्यावरच पडले. सहेरीला सगळे घर जागे असते, त्यामुळे पाण्याची खळबळ ऐकायला वेगळा पहारा लागत नाही.

पूर्वी जुलै-ऑगस्टात दुसरी वीणही घेत असू. कार्प त्या दिवसांतही अंडी घालतो. पण ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. आमच्या हौदांवरून पाणी वाहिले. त्या हंगामाची पिल्ले गेली, अब्बांच्या हातची जुनी मादीही गेली. त्यानंतर पावसाळ्यातली वीण आम्ही नियोजनातून काढून टाकली. ज्या निगातातून हा मासा आला, तिथेही २३ ऑक्टोबर २००४ ला भूकंप झाला. तळ्यांतले मासे हिवाळ्याआधी बाहेर काढायचे ते दिवस. यामाकोशी गावच्या लोकांना हेलिकॉप्टरने हलवावे लागले. मासे मागे राहिले, पुष्कळ मेले. लोक पुढे परत आले आणि पुन्हा तळी बांधली. हे आम्ही वाचले तेव्हा आपल्याच सोयऱ्यांची खबर कळावी तसे वाटले.

आता मूळ प्रश्न. एक किलो वजनामागे मादी लाखभर अंडी देते. आमच्या मादीचे वजन दोन-तीन किलो. दोन्ही तळी मिळून पन्नास हजारांवर पिल्ले तगत नाहीत. शिवाय कोहाकूची पिल्ले दीड महिन्याची झाली, की निवड करावी लागते. भाभी पांढरे घमेले घेऊन सावलीत बसतात. वाकड्या कण्याचे, पूर्ण पांढरे, पूर्ण लाल, डाग विस्कटलेले, अशी वेगळी काढत जातात. शंभरातली पंधरा-वीस उरतात. दुसऱ्या निवडीत त्यांतलीही बरीच जातात. बाकीच्यांचे काय? रंगीत म्हणून कुणी खात नाही, रंग चांगला नाही म्हणून कुणी पाळत नाही. शिकारी मासे पाळणारे चारा म्हणून मागतात. ‘नदीत सोडून द्या, सवाब मिळेल,’ असे सांगणारी भली माणसेही भेटतात. पण कार्प हा मूळचा आपल्या नद्यांचा नव्हे. त्याची एक जात १९३९ साली श्रीलंकेतून निलगिरीत आणली, दुसरी १९५७ साली बँकॉकहून आली. तो तळाचा गाळ उकरतो, पाणी गढूळ करतो, इथल्या माशांच्या अन्नात वाटा मागतो, शिवाय हौदातला रोग नदीत नेतो. आपल्या दारातला प्रश्न नदीच्या दारात नेऊन टाकणे हा सवाब नव्हे.

थोरल्या भाईंचे म्हणणे होते, तीन जोड्या लावू. जितकी जास्त पिल्ले, तितके जास्त चांगले मासे. कर्जाचे हप्ते आहेत, विजेचे बिल आहे. त्यांचे चुकत नव्हते. भाभींनी फक्त विचारले, ‘‘तीन जोड्यांची पिल्लं निवडायला कोण बसणार? आणि काढलेली ठेवणार कुठं?’’ घर गप्प झाले. मग अम्मी म्हणाल्या, ‘‘पैदा हुआ तो उसका हिसाब देना पडता.’’

तेव्हापासून आमचे नियोजन उलटे झाले. आधी आम्ही मागे पडणाऱ्या पिल्लांची जागा मोजतो. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत महिलांना ६० टक्के अनुदान होते. भाभींच्या नावाने अर्ज केला. त्यातून जे हौद झाले, त्यांतले दोन त्यांनी याच पिल्लांसाठी राखून ठेवले. त्यांतल्या काहींचा रंग वर्ष-दोन वर्षांनी खुलतो, ती विकली जातात. बाकीची शाळांच्या, दवाखान्यांच्या हौदांना देतो. देताना ओढ्यात न सोडण्याचा शब्द घेतो.

यंदा एकच जोडी. काथ्याच्या दहा झुपक्यांपैकी चार उचलायच्या, मिथिलीन ब्लूच्या पाण्यात स्वतंत्र हौदात ठेवायच्या. उरलेल्या सहा तिथेच राहू द्यायच्या. कार्प आपली अंडी आपणच खातात, म्हणून एरवी आम्ही नर-मादीला लगेच उचलतो. यंदा दुपारपर्यंत उचलणार नाही. पोहणारे पिल्लू घमेल्यातून बाजूला काढण्यापेक्षा हे बरे, असे घरातल्या सगळ्यांचे मत पडले. थोरल्या भाईंचेसुद्धा, जरा उशिराने.

कमाई कमी होईल, हे आम्ही वहीत लिहून ठेवले आहे. भाभींनी त्याच पानावर खाली तळ्यांची, हौदांची आणि पिल्लांची संख्या लिहिली आहे. दोन्ही आकडे एकाच पानावर मावले, म्हणजे हंगाम ठरला.