आगोट

कोकणात वाढलेल्या माणसाच्या लेखी उन्हाळा एका दिवशी संपतो. सात-आठ जूनला मृग लागतो, समुद्राकडून काळोख चढत येतो आणि रात्रीतून कौले वाजू लागतात. बंगळुरात इतकी वर्षे काढूनही हा हिशेब माझ्या मनातून गेलेला नाही. इथला उन्हाळा संपत नाही, विरतो. मे उजाडला की दुपारी ढग जमतात, संध्याकाळी वळीव कोसळतो, कब्बन पार्काजवळ गुलमोहराच्या पाकळ्यांचा लाल चिखल होतो आणि रात्री पांघरूण शोधावे लागते. मृगाला मग नवे असे काही उरत नाही. सह्याद्रीपलीकडे बरेचसे पाणी ओतून आलेले ढग इथे भुरभुरतात. मोठा पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात. १९०८ साली इथे आलेल्या क्रुम्बिगल या जर्मन उद्यानतज्ज्ञाने आळीपाळीने फुलणारी झाडे या शहराला दिली. त्यामुळे ऋतू ओळखायचा तो रस्त्याकडे पाहून: नीलमोहर, सोनमोहर, गुलमोहर.

आई माझ्याकडे राहायला आली, तेव्हा या संथ पालटाचे तिला मुळीच कौतुक वाटले नाही. तिचा वैशाख म्हणजे आगोट. आमसुले वाळवायची, पापड-फेण्या करायच्या, लाकडे पडवीत रचायची, घर शाकारून घ्यायचे. पावसाच्या धाकाने केलेली ती बेगमी. आणि उन्हाळ्याच्या अखेरची सारी गोडी त्या धाकातच होती. इथे कोपऱ्यावरचे दुकान श्रावणातही उघडे. "मग साठवायचं कशासाठी?" असे तिने एकदाच विचारले. पुढे प्रत्येक वैशाखात ती नुसती बसून राही. मला वाटे, तिला विश्रांती मिळते आहे.

२०२४चा एप्रिल कोरडाच गेला. २८ तारखेला पारा ३८.५ अंशांवर चढला. त्याआधीच शहरातल्या कितीतरी विंधणविहिरी आटल्या होत्या. आमच्याकडे टँकर येई, कधी येत नसे. आई उठली. कळशा, बादल्या, माळ्यावरचा तांब्याचा हंडा, सगळे भरून झाकून ठेवू लागली. भांडी विसळलेले पाणी मी ओतून दिले म्हणून कितीतरी वर्षांनी ती माझ्यावर रागावली. मे महिन्यात वळीव आला, तरी तिची बेगमी थांबली नाही.

२ जूनच्या एका दिवसात १११ मिलिमीटर पाऊस झाला. जूनमधला १८९१चा उच्चांक मोडला. आम्ही गच्चीच्या दारात मातीचा वास घेत उभे होतो. मी म्हटले, "आई, आता त्या बादल्या रिकाम्या करू या का?"

"मृग लागू दे आधी," ती म्हणाली.