गादीवरून उठल्यावर

सांगलीच्या गणपती पेठेतील ती पेढी २०२३ च्या गुढीपाडव्याला बंद झाली. पाडव्याच्या मुहूर्तावर दुकाने उघडतात. ही मात्र मुद्दाम त्याच दिवशी मिटवली गेली, कारण ती सुरू झाली तोही पाडवाच होता आणि आप्पांना वर्ष अर्ध्यावर तोडणे मान्य नव्हते. किराणा-भुसाराचा घाऊक व्यापार, तीन पिढ्यांचा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली, तेव्हा गोदामातील साखर, पोहे आणि शेंगदाणे पाण्यात गेले. त्यातून सावरेपर्यंत टाळेबंदी आली. मग खेड्यांतील किरकोळ दुकानदार मोबाईलवरून थेट कंपन्यांकडे मागणी नोंदवू लागले. शेवटी हातात राहिलेली एकमेव चांगली एजन्सीही त्याच पेठेतील दुसऱ्या व्यापाऱ्याकडे गेली. आप्पांनी सर्व देणी भागवली, हमालांना आणि नोकरांना दोन-दोन महिन्यांचा पगार दिला आणि गाळा भाड्याने दिला. कोणाचा एक रुपयाही बुडाला नाही, याचे समाधान घरात होते. उद्याचे काय, हे मात्र कोणी उच्चारत नव्हते.

मुलाचे वय तेहतीस. २०११ साली बी.कॉम. होऊन तो गादीवर बसला, तो बारा वर्षे तिथेच होता. पत्नी, पाच वर्षांची मुलगी, आई-वडील आणि घराच्या कर्जाचा हप्ता. गाळ्याच्या भाड्यात हप्ता भागत असे. उरलेला संसार भागत नसे. नवा धंदा काढायला भांडवल नव्हते, आणि नातेवाइकांकडून उचल घेण्यास आप्पांनी स्पष्ट नकार दिला होता. उरली नोकरी. हा शब्द त्या घरात शत्रूसारखा आला. ‘आपण पगार दिले, घेतले नाहीत,’ एवढेच आप्पा बोलले आणि मंदिरात निघून गेले.

व्यापारी घरातील मुलाला नोकरी शोधता येत नाही, कारण ती शोधताना त्याने घरात कोणाला पाहिलेलेच नसते. या मुलाला ‘बायोडाटा’ म्हटले की लग्नाचा बायोडाटा एवढेच ठाऊक होते. त्याने पहिल्यांदा जो कागद तयार केला त्यात वडिलांचे नाव, कुळ, उंची, वर्ण आणि ‘घरची परिस्थिती उत्तम’ असा उल्लेखही होता! पत्नीने तो वाचला, हसू आवरले आणि निम्मा खोडला. उरलेल्या निम्म्यात सांगण्यासारखे फक्त एक वाक्य राहिले : ‘बारा वर्षे घरचा व्यवसाय पाहिला.’

तोच कागद त्याने चार महिन्यांत नोकरीच्या संकेतस्थळांवरून साठ-पासष्ट ठिकाणी पाठवला. रात्री सर्वांची निजानीज झाल्यावर तो मोबाईल घेऊन बसे आणि जी जाहिरात दिसेल तिला अर्ज करी. बँकेची जागा, विमा कंपनीची जागा, पुण्यातील कॉल सेंटर, काहीही. उत्तर एकाचेच आले. एका गोड आवाजाने त्याची ‘निवड’ झाल्याचे कळवले आणि प्रशिक्षण व ओळखपत्रापोटी ४ हजार ५०० रुपये भरण्यास सांगितले. त्याने ते भरले. दुसऱ्या दिवशी तो क्रमांक लागेना. पेढीवर अनोळखी गिऱ्हाइकाला पाचशे रुपयांची उधारी न देणारा माणूस नोकरीच्या नावाखाली असा फसला, याचे त्याला पैशांहून अधिक दुःख झाले. त्याने ते घरी सांगितले नाही. गरज माणसाची पारख प्रथम हिरावून घेते, हे व्यापाऱ्याला गिऱ्हाइकाच्या बाबतीत पक्के ठाऊक असते. स्वतःच्या बाबतीत ते उशिरा कळते.

श्रावणात एके दुपारी जुने दिवाणजी घरी आले. अडतीस वर्षे त्यांनी पेढीची कीर्द-खतावणी लिहिली होती. तिजोरीची एक जादा किल्ली त्यांच्याकडे राहिली होती, ती परत देण्याचे निमित्त. आप्पा बाहेर गेले होते. चहा झाला, आणि दिवाणजींनी सरळ विचारले, “धाकटे मालक, काम बघताय म्हणे?”

मुलाने मान खाली घातली. मग कागद आणून दाखवला. दिवाणजींनी चष्मा लावून तो वाचला, उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली आणि म्हणाले, “बारा वर्षांची खतावणी एका ओळीत? अशी वही मी लिहिली असती तर आप्पांनी मला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.”

मग त्यांनी स्वतःच विचारायला आणि लिहायला सुरुवात केली. दरमहा किती बिले फाडली? जीएसटीची विवरणपत्रे कोण भरत होते? ११ तारखेचे विक्रीचे आणि २० तारखेचे कराचे विवरणपत्र सहा वर्षांत किती वेळा चुकले? एकदाही नाही. अथणी, रायबाग, चिक्कोडीकडे ५० हजारांवरचा माल जाई, त्याची ई-वे बिले कोण काढी? टॅलीत नोंदी कोण करी? खेड्यांतील किती दुकानदारांची उधारी वसूल करायची असे, आणि पुरानंतरच्या वर्षी त्यातील किती आली? गोदामात कोणता माल आधी बाहेर काढायचा, हे कोण ठरवी? तासाभरात दोन पाने भरली. शेवटी दिवाणजींनी विचारले, “आणि कन्नड?”

“ते काय लिहायचं, दिवाणजीकाका? ते तर आपल्याकडं सगळ्यांनाच येतं.”

“पुण्यातून येणाऱ्या साहेबाला येतं का?” दिवाणजी म्हणाले. “लिहा.”

त्या दोन पानांचे पत्नीने संगणकावर एक पान केले. आकडे ठेवले, विशेषणे काढली. ‘मेहनती’, ‘प्रामाणिक’, ‘कोणतेही काम करण्यास तयार’ हे शब्द गेले. शेवटचा शब्दप्रयोग तर जाणे अत्यावश्यक होते; कोणत्याही कामाला तयार असलेल्या माणसाला नेमके कोणते काम द्यावे, हे ठरवण्याचा त्रास कोणी घेत नाही. एक मोह मात्र झाला. एका मित्राने सुचवले की, एखाद्या ओळखीच्या फर्ममध्ये ‘अकाउंट्स मॅनेजर’ होतो असे लिही, पत्र आणून देतो. मुलगा दोन दिवस विचारात होता. सत्याणुव्रताची आठवण कोणी करून द्यावी लागली नाही. आप्पा पुढच्या खोलीत सामायिकाला बसलेले त्याला दिसत होते, तेवढे पुरले.

दिवाणजींनी आणखी एक गोष्ट करायला लावली. जुनी वसुलीची वही काढून तिच्या कोऱ्या पानांवर रकाने आखले : तारीख, ठिकाण, कोणाशी बोललो, काय ठरले, पुन्हा कधी जायचे. साठ ठिकाणी पाठवून कोणालाही पुन्हा न विचारणे म्हणजे साठ गावांत उधारी देऊन वसुलीला न जाणे, असे त्यांचे म्हणणे. वसुलीचा नियमही तोच : आठवड्याने एकदा जावे, रागावू नये, गयावया करू नये, आणि निघताना पुढची तारीख घेऊन निघावे. ही विद्या मुलाला पाठ होती. आता त्याने आठवड्याला सहाच ठिकाणे निवडली, प्रत्येकासाठी कागदातील दोन-तीन ओळी त्या कामाप्रमाणे बदलल्या आणि शक्य तिथे स्वतः गेला. जाण्यापूर्वी तो जीएसटीच्या संकेतस्थळावर त्या फर्मचा क्रमांक टाकून तिची नोंदणी कधीची, चालू की रद्द, विवरणपत्रे भरलेली आहेत की नाहीत हे पाहू लागला. ही माहिती कोणालाही विनामूल्य दिसते. मालाच्या सौद्यापूर्वी व्यापारी ती पाहतोच, मग आयुष्याच्या सौद्यापूर्वी का पाहू नये? आणि नोकरीसाठी पैसे मागणाऱ्याचा फोन तो आता एक शब्दही न बोलता ठेवी. दोन ठिकाणी नकार मिळाला, पण नकार मिळाला. पूर्वीसारखी शांतता नव्हती. एका ठिकाणी एक्सेल किती येते असे विचारले आणि तो अडखळला. वहीच्या पुढच्या पानावर ‘एक्सेल’ एवढेच लिहून त्याने रोज सकाळी एक तास त्यासाठी ठेवला.

तरीही दार उघडले ते दुसरीकडून. दिवाणजींनी आधीच एक नाव घेतले होते, आणि ते ऐकून मुलगा गप्प झाला होता. ज्या व्यापाऱ्याकडे एजन्सी गेली, तोच तो. मंदिर एक, पेठ एक, आणि दीड वर्षे बोलणे बंद. “कंपन्यांची माणसं त्यांच्याकडं रोज येतात,” दिवाणजी म्हणाले. “तुमच्याकडं येत होती तशी.”

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनजवळच्या एका शहरातील नोकरदारांना विचारले होते की, तुम्हाला जागेची बातमी कोणाकडून कळली. ज्यांना ती ओळखीतून कळली त्यांच्यापैकी बहुतेकांनी अशा माणसाचे नाव घेतले ज्याची भेट कधीतरीच होई. कारण साधे आहे : जवळच्या माणसांना जे ठाऊक असते ते आपल्याला आधीच ठाऊक असते. दिवाणजींनी ग्रॅनोव्हेटर वाचला नव्हता. मुलाने तर काहीच वाचले नव्हते. त्याच्यापुढे प्रश्न पायऱ्या चढण्याचा होता.

दशलक्षण पर्व संपले. क्षमावणीच्या सकाळी मंदिरात सर्वांनी सर्वांना हात जोडले, त्यात त्या दोघांनीही एकमेकांकडे न पाहता जोडले. दुपारी मुलगा त्यांच्या घरी गेला. आप्पांना सांगितले नव्हते. दारात उभे राहून त्याने क्षमा मागितली. मनात दीड वर्ष जे बोलला होता त्याबद्दल, असे त्याने स्पष्ट म्हटले. त्या गृहस्थांनी त्याला आत बसवले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “एजन्सी मी मागायला गेलो नव्हतो. पण आली तेव्हा आप्पांना आधी येऊन सांगायला हवं होतं. ते माझं चुकलं.” त्यानंतर नोकरीचा विषय मुलाने काढला. काम द्या, असे तो म्हणाला नाही. अशी-अशी कामे मला येतात, कोणाला अशा माणसाची गरज असल्याचे कानावर आले तर माझे नाव सांगा, एवढेच म्हणाला आणि तो एक पानाचा कागद ठेवून आला.

पाचव्या दिवशी कुपवाड एमआयडीसीतील खाद्यतेल-मसाल्याच्या एका कंपनीतून फोन आला. त्यांना उत्तर कर्नाटकातील दुकानदारांच्या मागण्या, माल रवानगी आणि वसुली पाहणारा माणूस हवा होता. हिशेब येणारे अनेक आले होते, कन्नड येणारेही आले होते. दोन्ही येणारा सापडत नव्हता. मुलाखतीत त्यांनी नेमका तोच प्रश्न विचारला ज्याची भीती होती : “तुम्ही मालक होता. हाताखाली काम जमेल?” त्याने थोडा वेळ घेतला. “बारा वर्षं वडिलांच्या हाताखालीच होतो,” तो म्हणाला. “मालक ते होते.” पेढी का बंद झाली, हेही त्याने लपवले नाही, पूर, टाळेबंदी, गेलेली एजन्सी आणि फिटलेली देणी, या क्रमाने सांगितले. रात्रीभोजनाचा त्याग असल्याने सूर्यास्तापूर्वी पंधरा मिनिटे मिळावीत, अशी विनंती त्याने नेमणुकीआधीच केली. नंतर कुरबूर करण्यापेक्षा आधी बोलणे बरे, हेही पेठेतलेच शहाणपण. साहेब म्हणाले, चहाला सगळे तेवढा वेळ घेतातच.

पगाराचा आकडा २८ हजार सांगितला गेला. दिवाणजींनी बजावले होते की, आकडा ऐकून हो म्हणू नका, हातात काय येणार ते विचारा. त्याने विचारले. कंपनी भरणार असलेला भविष्यनिर्वाह निधीचा १ हजार ८०० रुपयांचा हिस्सा त्या आकड्यातच धरलेला होता. त्याचा स्वतःचा तेवढाच हिस्सा आणि व्यवसाय कराचे २०० वजा जाता हातात २४ हजार २०० येणार होते. घरखर्चाचा आकडा त्याने आदल्या रात्री पत्नीबरोबर बसून काढला होता. तो २३ हजार होता. त्याने होकार दिला आणि नेमणुकीचे पत्र लेखी मागून घेतले.

घरी सांगणे सर्वांत अवघड गेले. ज्यांच्या दारात जाऊन ही वाट मिळाली त्यांचे नाव ऐकताच आप्पा उठून गॅलरीत गेले. ते आठ दिवस मुलाशी मोजकेच बोलले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी शिक्षणकार्यात पूर्णवेळ उतरण्यापूर्वी शिकवण्या घेतल्या, ओगल्यांच्या काचमालाची आणि किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री केली, हे आप्पांनीच मुलाला लहानपणी अनेकदा अभिमानाने सांगितले होते. दुसऱ्याच्या मुलाच्या कष्टांचा अभिमान वाटणे सोपे असते. आईने मात्र पहिल्या दिवशी डबा भरताना दोन पोळ्या जास्त ठेवल्या. “शेजारी बसणाऱ्याला दे,” ती म्हणाली. “पेढीवर आपण देत होतो ना?”

पहिला पगार अर्ध्या महिन्याचाच झाला. तो दिवाळीच्या आधी बँकेत आला आणि निर्वाण लाडूच्या पूजेनंतर, पाडव्याच्या सकाळी, आप्पांनी नेहमीप्रमाणे नवी कीर्द पुढे घेतली. पेढी नव्हती, तरी वही आणली होती. ती न आणण्याचे कोणी सुचवले नव्हते. पहिल्या पानावर त्यांनी श्री काढला, वीर निर्वाण संवत् २५५० असे लिहिले आणि लेखणी तशीच हातात धरून बसले. पेढीच्या सर्व वह्यांत ‘पगार’ हा शब्द नेहमी नावेच्या बाजूला पडत आला होता. थोड्या वेळाने त्यांनी मुलाला फोन लावायला सांगितला.

“दिवाणजी,” ते म्हणाले, “पोराचा पगार आलाय. बारा हजार शंभर. जमेकडं कोणत्या खात्यावर घ्यायचा?”

पलीकडून काय उत्तर आले ते कोणाला ऐकू गेले नाही. आप्पांनी फोन ठेवला, चष्मा पुसला आणि जमेच्या बाजूला, पहिल्या ओळीत, मुलाचे पूर्ण नाव लिहिले.