खाडीचे पाणी आणि गळ

दाभोळ,
कार्तिक वद्य पंचमी

चि. भाच्यास,

खाडीतली आणि किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातली मासेमारी जागेपेक्षा वेळेवर चालते. तुझ्याकडे सायखेड्याच्या पुलाखाली गोदावरी चढते ती गंगापूर धरणातून पाणी सुटले की. एरवी पाणवेलींखाली ती दिवसचे दिवस एकाच पातळीला असते. तिथे चांगला डोह सापडला की निम्मे काम झाले. कोकणात तोच डोह सकाळी पुरुषभर खोल असतो आणि दुपारी त्यात पावले बुडत नाहीत. पाण्याबरोबर मासाही जागा बदलतो.

भरती-ओहोटीचे चक्र दिवसातून दोनदा फिरते. पाणी सुमारे सहा तास चढते, तेवढेच उतरते आणि दुसऱ्या दिवशी भरती पाऊण तासाहून थोडी अधिक उशिरा येते. त्यामुळे किनाऱ्यावरचा जुना हिशेब आजही उपयोगी पडतो: तिथीला तीनाने गुणून चाराने भागले की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला ती तीनच्या सुमारास, पहाटे आणि दुपारी. ओहोटी नऊच्या आसपास. हा हिशेब मुंबईला चांगला जुळतो. दक्षिणेकडे भरती थोडी आधी येते आणि खाडीत आत जावे तसा तिला उशीर होतो, म्हणून पहिल्या दिवशी एखाद्या खांबावरची ओली रेघ पाहून आपला फरक आपणच ठरवून घ्यावा.

अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे मंद भरती-ओहोटी. मुंबई-रायगडकडे उधाणाचे पाणी चार मीटरच्या आसपास वरखाली होते; मालवण-गोव्याकडे जेमतेम दोन. ‘उधाणाला मासा लागतो’ असे सरसकट सांगणारे हा फरक विसरतात. उत्तरेच्या खाड्यांत उधाणाची ओढ गळाचे शिसे उचलून नेते आणि ढवळलेल्या गाळात खोटे आमिष माशाला दिसत नाही. तिथे भांगाच्या अलीकडचे-पलीकडचे दिवस बरे. दक्षिणेला मात्र भांगाचे पाणी इतके सुस्त असते की मासाही सुस्तावतो. तिकडे उधाणच हवे.

उतरत्या पाण्यात गळ टाकायची सर्वांत चांगली जागा म्हणजे कांदळवनातून निघालेला लहानसा ओहळ खाडीला मिळतो ते तोंड. भरतीत कोळंबी आणि माशांची पिल्ले मुळांमध्ये शिरून बसतात. पाणी उतरू लागले की त्यांना त्याच वाटेने बाहेर यावे लागते. ओहळाचे गढूळ पाणी आणि खाडीचे त्यामानाने स्वच्छ पाणी यांच्यामध्ये एक रेघ उमटते. जिताडा त्या रेघेच्या कडेला, प्रवाहाकडे तोंड करून, फारशी हालचाल न करता थांबतो. आमिष ओहळाच्या आत टाकावे आणि पाण्याबरोबर वाहत त्याच्या तोंडासमोर येऊ द्यावे. थेट त्याच्या डोक्यावर टाकलेले आमिष त्याला बिथरवते. जिवंत कोळंबी शेपटीकडून गरीला लावली तर बराच वेळ तग धरते. जिताड्याच्या कल्ल्यांच्या कडा पात्यासारख्या धारदार असतात, म्हणून गरीच्या वर हातभर जाड दोरा हवाच आणि मासा काढताना बोटे कल्ल्यात घालू नयेत.

जिताडा नर म्हणून वाढतो आणि काही वर्षांनी मादी होतो, त्यामुळे थोरले जिताडे बहुतेक माद्याच असतात. प्रजननासाठी ते खाडीच्या तोंडाकडच्या खाऱ्या पाण्यात उतरतात. पेण-अलिबागच्या खारपट्टीत लोक त्याची पिल्ले शेततळ्यांत सोडून वाढवतात, यावरून त्याची किंमत कळावी. मोठा जिताडा लागला तर फोटो काढून सोडून द्यावा, हे मत पुष्कळांना रुचत नाही; तरी तेच बरोबर आहे.

बाकीच्यांचे थोडक्यात. तांबोशी खडकाच्या आणि मुळांच्या आडोशाला, अंधार पडल्यावर. गोबरा लागला की क्षणाचीही उसंत न देता ओढावा, नाहीतर तो कपारीत शिरतो आणि दोरा तुटतो. मुडदुशी, जिला नगलीही म्हणतात, वाळूच्या उथळ पाण्यात चढत्या भरतीबरोबर येते. बारीक गरी आणि हलका दोरा पुरे. बोय शेवाळ आणि गाळातले बारीकसारीक खाते, गरीला सहसा लागत नाही, तिच्यासाठी पाग, म्हणजे फेकायचे जाळे.

उथळ पाण्यात चालताना पाऊल उचलून टाकू नये, तळाला घासत न्यावे. वाळूत दडलेले पाकट धक्का लागला की निसटते. अंगावर पाय पडला तर शेपटीचा काटा मारते. 2013 च्या गणेश विसर्जनात गिरगाव चौपाटीवर अनेक भाविकांनी हा अनुभव घेतला. काटा लागल्यास जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावी, उष्णतेने वेदना उतरतात, आणि मग डॉक्टर गाठावा. शिंगाळा माशाचे काटेही तितकेच वाईट. कालवांच्या खडकावर अनवाणी जाऊ नये. वाशिष्ठीत चिपळूणच्या बाजूला मगरी आहेत, तिथे कमरेएवढ्या पाण्यात उतरणे हा शुद्ध वेडेपणा. चढत्या भरतीत आपण उभे असलेला वाळूचा उंचवटा शेवटी बुडतो, पण त्याच्यामागची खोलगट वाट आधीच भरलेली असते. म्हणून पाणी फिरले की आधी मागे पाहावे.

नदीवर वापरलेली चरखी खाऱ्या पाण्यात लवकर गंजते. घरी आल्या आल्या ती गोड्या पाण्याने धुवावी.

मालवणचे सागरी अभयारण्य 1987 पासूनचे आहे. तिकडे गळ टाकण्याआधी हद्द विचारून घ्यावी. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते. काठावरच्या गळाला ती लागू नसली, तरी पावसाळी खाडीचे गढूळ, फुगलेले पाणी नवख्याच्या कामाचे नाही.

पहिल्या खेपेसाठी पंचमी-षष्ठी गाठावी. तेव्हा दाभोळला उजाडताना पाणी उतरते असते, नऊ-दहाला तळ गाठते आणि ओहोटी डोळ्यांदेखत पाहायला मिळते. सुटीचा अर्ज टाकण्याआधी पंचांग उघड.

तुझा मामा