तुटलेल्या नादाचे दुसरे आयुष्य

ओसाका शहरात १९८६ मध्ये यामांताका आय यांनी उभारलेला ‘बोरडम्स’ हा प्रयोगशील रॉक वाद्यवृंद आरंभी किंकाळ्या आणि गोंगाटासाठी ओळखला जात असला, तरी १९९९ च्या ‘व्हिजन क्रिएशन न्यूसन’ या अल्बमपर्यंत त्याचे संगीत ड्रमच्या अखंड, चक्राकार तालात रमू लागले होते. पुढे ‘रीबोर’ या मालिकेत हे संगीत वेगवेगळ्या कलावंतांच्या हाती सोपवले गेले आणि तिचा तिसरा खंड टोकियोचे डीजे क्रश यांनी घडवला. रीमिक्स, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणाचे तुकडे करून त्यांची नवी रचना बांधणे, ही वरवर पाहता मोडतोडच असते. पण हिप-हॉपच्या संथ, जड ठेक्यात वाढलेल्या क्रश यांच्या हाती ती एक प्रकारची शुश्रूषा ठरते.

ड्रमवरचा एखादा आघात कापून घेतला जातो, त्याची विरत जाणारी आस मध्येच खुडली जाते आणि तोच आघात पुन्हा पुन्हा वाजवून त्याचे आवर्तन, म्हणजेच लूप, तयार होते. तेव्हा मूळ जल्लोषाच्या जागी एक अनामिक हुरहूर मनात दाटते, जणू गर्दीतून एकच चेहरा वेगळा काढून कुणी त्याच्याकडे निवांत पाहत बसावे. तो आघात आता वाजवणाऱ्याचा, की तोडणाऱ्याचा, हा प्रश्न सुटत नाही आणि तो सुटावा असेही वाटत नाही. रसिकांनी आधी मूळ संगीत ऐकावे आणि मगच या पुनर्रचनेकडे वळावे.